हे तुला कोणी सांगितलं? : क्युबा पेचप्रसंग आणि साधनांची पारख

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगावर वीस पानं लिहून गाईड मॅडमना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, हे सगळं तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "रॉबर्ट केनेडींच्या पुस्तकात आहे, मॅडम." त्या म्हणाल्या, "मग हे रॉबर्ट केनेडींचं प्रकरण झालं. तुझं कुठे आहे?"

या प्रश्नात माझे पुढचे सहा महिने गेले. पण साधनं कशी वाचायची ते त्यातच कळलं, म्हणून आज तेच सांगते.

आधी घटना थोडक्यात. आपल्याकडे ऑक्टोबर १९६२ म्हटलं की चीन युद्ध आठवतं. त्याच महिन्यात तिकडे अमेरिका आणि सोव्हिएत युनियन अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होते. यू-२ या टेहळणी विमानाने काढलेल्या फोटोंमध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. १६ ऑक्टोबरला ही बातमी अध्यक्ष जॉन केनेडींपर्यंत पोहोचली. २२ तारखेला त्यांनी क्युबाची नाकेबंदी जाहीर केली. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं सांगितलं. त्या बदल्यात अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याची हमी दिली. जगाला कळलं ते एवढंच.

यातून जो निष्कर्ष निघाला तो सगळ्यांना पाठ आहे: केनेडी ठाम राहिले, ख्रुश्चेव्ह झुकले. त्याला बळकटी दिली ती अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या 'थर्टीन डेज' या पुस्तकाने. ते १९६९ मध्ये, म्हणजे त्यांच्या हत्येनंतरच्या वर्षी आलं. आतल्या माणसाने लिहिलेलं, त्यामुळे अनेकांनी ते प्रमाण मानलं. मीही मानलं.

आता खरी मेख कुठे होती ते बघा. अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं तुर्कस्तानात होती. ती हलवा, अशी मागणी ख्रुश्चेव्ह यांनी २७ तारखेला उघडपणे केली. त्याच संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. पुस्तक म्हणतं, देवाणघेवाण शक्य नाही असं आपण त्यांना स्पष्ट सांगितलं. अध्यक्षांना ती क्षेपणास्त्रं तशीही काढायचीच होती.

पण १९८९ मध्ये मॉस्कोत एक परिषद झाली. दोन्ही बाजूंचे जुने अधिकारी समोरासमोर बसले होते. तिथे केनेडींचे सहकारी सोरेनसन यांनी कबूल केलं, की पुस्तकाचं संपादन आपण केलं होतं. रॉबर्ट यांच्या डायरीत हा सौदा असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं आणि तो भाग आपणच बदलला! पुढे १९९० च्या दशकात दोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेली तार उपलब्ध झाली. तीही तेच सांगते: तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, पण याची वाच्यता नको. सोव्हिएत बाजूने हे पत्रात लिहून दिलं, तेव्हा रॉबर्ट यांनी ते पत्र परत केलं. कागद मागे राहायला नको होता. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर निघालेही.

तुम्ही म्हणाल, बरं, एक तपशील बदलला, एवढं काय त्यात? सांगते. हा सौदा ठाऊक असलेले लोक अमेरिकेत मोजकेच होते. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांत नव्हते. पुढच्या वर्षी केनेडींची हत्या झाली आणि तेच जॉन्सन अध्यक्ष झाले. व्हिएतनाममध्ये सैन्य वाढवण्याचे निर्णय त्यांनी घेतले. व्हिएतनामचं युद्ध केवळ यामुळे झालं असं अजिबात नाही. पण 'कम्युनिस्टांसमोर ठाम राहिलं की ते माघार घेतात' हा धडा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता आणि तो अर्धवट होता. साधनातली गाळलेली ओळ फक्त इतिहासाचं पुस्तक बिघडवते असं नाही.

मग नवीन साधन मिळालं की प्रश्न सुटला का? नाही. मी आधी तीच चूक केली. पुस्तक बाजूला ठेवलं आणि तार डोक्यावर घेतली. पण तार म्हणजे एका राजदूताने आपल्या वरिष्ठांना दिलेला अहवाल. आपण बैठक नीट हाताळली, हे त्यालाही दाखवायचं असणारच. मग वाटलं, टेप तरी खऱ्या असतील. केनेडी बैठका गुपचूप रेकॉर्ड करत, हे १९७३ मध्ये उघड झालं आणि त्या टेप आज ऐकता येतात. त्यांत अध्यक्ष स्वतः अदलाबदलीकडे झुकलेले ऐकू येतात. पण दोब्रिनिनना काय सांगायचं हे जिथे ठरलं, ती छोटी बैठक टेपवर नाहीच. म्हणजे टेपसुद्धा मालकाच्या मर्जीने बोलते आणि मर्जीने गप्प बसते.

आता मी कुठलंही साधन हातात घेतलं की वहीत चार प्रश्न लिहिते:

१. हे कोणी लिहिलं आणि कोणासाठी?
२. घटनेनंतर किती काळाने? मधल्या काळात लिहिणाऱ्याचं काय पणाला लागलं होतं?
३. मूळ लेखनावर कोणाचा हात फिरला?
४. यात काय नाही, आणि ते का नसावं?

विरुद्ध बाजूचं साधन मिळालं, तर हेच चार प्रश्न त्यालाही विचारायचे. दोन परस्परविरोधी साधनं एखाद्या गोष्टीवर एकमत होतात, तेव्हा तिचं वजन वाढतं. तुर्कस्तानच्या सौद्याबद्दल तेच झालं: सोरेनसन यांची कबुली आणि दोब्रिनिन यांची तार वेगवेगळ्या गोटांतून आली आणि एकाच ठिकाणी पोहोचली.

माझ्या त्या वीस पानांपैकी चारच शिल्लक राहिली. 'थर्टीन डेज' मात्र मी संदर्भांतून काढलं नाही. १९६२ मध्ये काय घडलं, यासाठी ते अपुरं आहे. १९६९ मध्ये काय लपवायचं होतं, यासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. रद्द ठरलेलं साधन फेकू नका, फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदला.