मिनी ट्रॅक्टरने कडक मुरमात खड्डे: मशीन न मोडता

(नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

इअरफोन घालून ट्रॅक्टरवर बसून हा भाग ऐकत असाल, तर एक तर ट्रॅक्टर बंद करा नाहीतर मला बंद करा. आजचा विषयच असा आहे की मशीनचा आवाज कानावर पडायलाच हवा.

डाळिंब, आंबा, पेरू, काहीही लावायचं असेल तर खड्डे उन्हाळ्यात घ्यायचे. ऊन लागून खड्डा तापतो, कीड-बुरशी कमी होते. पण एप्रिल-मेमध्येच जमीन सगळ्यात कडक असते. काळी माती वाळून विटेसारखी झालेली, आणि माळरानावर वीतभर मातीखाली मुरूम. दारात १८ ते २८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर उभा, त्याचा हप्ता चालू, आणि मागे खड्डे खोदायचं ऑगर जोडलेलं. अशा वेळी चारशे-पाचशे खड्डे या ट्रॅक्टरने निघतील का? आणि निघाले तर ट्रॅक्टर शाबूत राहील का?

माझं उत्तर: निघतात. पण काही गोष्टी पाळल्या तरच.

आधी वजनाचा हिशोब

गावात आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो, ते मशीन ७ टनांच्या वर भरतं. आपला मिनी ट्रॅक्टर टनाच्या आत-बाहेर. जेसीबी जमिनीवर दाब देऊन खोदू शकतो. आपल्या ट्रॅक्टरचं मागचं हायड्रोलिक फक्त उचलतं, खाली दाबत नाही. म्हणजे ऑगर खाली जातं ते स्वतःच्या वजनाने आणि पात्यांच्या धारेने.

हे कळलं नाही की लोक काय करतात? एखाद्या पोराला सांगतात, "लटक रे त्याच्यावर, वजन दे." मंडळी, हे कधीही, कोणालाही करायला लावू नका. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाची बाही, उपरणं, ओढणी, काहीही अडकलं तर 'बंद कर' असं ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर आधी ते बसवा, मग काम.

काहीतरी तुटणारच. काय तुटायचं, ते तुम्ही ठरवा

ऑगर खाली दगडात अडकलं, असं समजा. ते थांबलं, पण इंजिनाचं जड फ्लायव्हील फिरतच आहे. ते एका क्षणात थांबू शकत नाही. मग तो सगळा झटका शाफ्टमधून, क्रॉसमधून, गिअरबॉक्समधून मागे येतो, आणि या साखळीत जे सगळ्यात कमजोर ते तुटतं.

म्हणून कंपनी एक गोष्ट मुद्दाम कमजोर ठेवते: शिअर बोल्ट. झटका आला की हा छोटा बोल्ट कापला जातो आणि बाकी सगळं वाचतं. बोल्ट वारंवार तुटतो म्हणून वैतागून लोक त्या जागी जास्त कडक बोल्ट घालतात, कधी सळईचा तुकडा ठोकतात. त्या दिवशी काम जोरात चालतं, कारण आता तुटायला फक्त गिअरबॉक्सच उरलाय! बोल्ट काही रुपयांचा, गिअरबॉक्स हजारोंचा, आणि वर लागवडीच्या तोंडावर ट्रॅक्टर गॅरेजला.

मॅन्युअलमध्ये जो मापाचा आणि ग्रेडचा बोल्ट सांगितलाय तोच वापरा. डोक्यावर ग्रेडचा आकडा कोरलेला असतो, तो दुकानातच बघून घ्या. एकदम दहा-बारा आणून टूलबॉक्समध्ये ठेवा. आणि बोल्ट तुटला तर चिडू नका. त्याने त्याचं काम केलं. दर दोन खड्ड्यांमागे तुटत असेल तर मात्र जमीन सांगतेय की पद्धत बदला.

पद्धत बदला म्हणजे काय? पाणी

कडक जमिनीत सगळ्यात स्वस्त हत्यार पाणीच. खड्ड्यांच्या खुणा करून झाल्या की प्रत्येक खुणेभोवती छोटं आळं करा आणि संध्याकाळी एक-दोन बादल्या पाणी सोडा. ड्रिप असेल तर आणखी सोपं: नळी सरकवून ड्रिपर बरोबर खुणेवर आणा आणि रात्रभर चालवा. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या.

तो एक दिवस महत्त्वाचा आहे. आपल्याला चिखल नकोय, वाफसा हवाय. काळी माती जास्त ओली झाली तर ऑगरला लोण्यासारखी चिकटते आणि ऑगर नुसतं फिरत राहतं. मूठभर माती दाबून बघा. गोळा होतोय, पण हाताला लागत नाही, मग सुरू करा.

पहारेची परीक्षा

भिजवल्यावर पहार घ्या, छातीच्या उंचीवरून सरळ सोडा.

चार बोटं आत रुतली: ऑगर बिनधास्त चालवा.

बोटभर गेली, बाजूला खडे उडाले: कडक मुरूम आहे. काम होईल, पण पुढे सांगतो तसं, हळूहळू.

'खण्ण' आवाज आला, पहार उसळली आणि खाली फक्त पांढरा ओरखडा दिसला: हा कातळ आहे. इथे मिनी ट्रॅक्टरचं काम संपलं. ब्रेकरवाला बोलवा, नाहीतर त्या जागेचा खड्डा दोन फूट सरकवा.

ही परीक्षा शेतात आठ-दहा ठिकाणी करा. एकाच शेतात वरच्या बांधाला कातळ आणि खालच्या बांधाला काळी, असं आपल्याकडे सर्रास असतं.

छोटे घास

कडक मुरमात १२ इंचीऐवजी ९ इंची ऑगर लावा. पीटीओला एकापेक्षा जास्त स्पीड असतील तर सगळ्यात कमी स्पीड घ्या, थ्रॉटल निम्म्याच्या आसपास. जोरात फिरवल्याने मुरूम लवकर कापला जात नाही, फक्त दात तापून झिजतात. पाच-सहा इंच खाली गेलं की वर उचला, माती झटकून टाका, पुन्हा खाली. इंजिनाचा आवाज दबायला लागला की लगेच उचला. म्हणूनच म्हटलं, कान मोकळे ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, डाळिंबाला दोन फूट बाय दोन फूट खड्डा लागतो, ९ इंचाच्या भोकाने काय होणार? ऐका. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार भोकं घ्या आणि एक मधोमध. हिशोब केला तर निम्म्याहून जास्त माती या पाच भोकांतच निघते. उरल्या त्या मधल्या पातळ भिंती. त्या पहारेच्या चार-सहा घावांत ढासळतात. कारण सोपं आहे: घट्ट दाबलेला मुरूम फुटायला जागा शोधत असतो. चारही बाजूंनी आवळलेला असेल तर मशीनलाही ऐकत नाही, बाजूला पोकळी मिळाली की पहारेलाही ऐकतो. फक्त दोन भोकांमध्ये थोडी भिंत राहू द्या. भोकाला चिकटून भोक घेतलं तर ऑगर पोकळ बाजूला घसरतं आणि वाकतं.

अडकलं तर?

ऑगर खाली अडकलं की हात आपोआप हायड्रोलिकच्या लिव्हरकडे जातो. थांबा. अडकलेलं ऑगर जोराने उचलायला गेलात तर लिफ्टचे आर्म वाकतात, किंवा ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं. आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. मग मोठा पाइप पाना लावून ऑगर हाताने उलटं फिरवा. स्क्रूसारखं बाहेर येतं. वेळ लागतो, पण पार्ट मागवायला लागतो त्यापेक्षा कमीच.

दगड आणि बुंधा ओढताना

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. खड्ड्यात मोठा धोंडा लागला किंवा जुन्या बाभळीचा बुंधा निघाला की साखळी बांधून ओढायचा मोह होतो. साखळी कुठे बांधता, यावर तुमचा जीव अवलंबून आहे.

साखळी वर, टॉप लिंकच्या जागी बांधली आणि बुंधा हलला नाही, तर मागची चाकं जागेवर राहतात आणि अख्खा ट्रॅक्टर त्यांच्याभोवती मागे उलटतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. साखळी नेहमी खाली, ड्रॉबारलाच. ताण हळूहळू द्या, झटके मारू नका. झटक्याने एक तर साखळी तुटून चाबकासारखी येते, नाहीतर क्लच प्लेट जळते. आणि ओढण्याआधी बुंध्याभोवती खणून मुळं कुऱ्हाडीने तोडा. जे हलत नाही ते ओढू नका, आधी मोकळं करा.

एक फण लावून मुरूम फोडणाऱ्यांसाठीही तेच. पहिल्यांदा पाच-सहा इंच, मग त्याच रेषेत आणखी खोल, नंतर आडवं. आणि फण जमिनीत असताना वळायचं नाही, रिव्हर्स घ्यायचा नाही. ती ताकद बाजूने येते, आणि खालच्या लिंका बाजूच्या ताकदीसाठी बनलेल्याच नाहीत.

संध्याकाळी दहा मिनिटं

मुरमाची धूळ इंजिनाची शत्रू. रोज एअर फिल्टर बघा, रेडिएटरची जाळी झाडा, शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्या, ऑगरचे नट-बोल्ट आवळा, दात बोथट झाले असतील तर बदला. बोथट दाताने खोदणं म्हणजे धार नसलेल्या विळ्याने गवत कापणं. दमतो कोण? ट्रॅक्टरच.

तर मंडळी, आधी भिजवा, पहारेने विचारा, छोटे घास घ्या, आणि तुटायचंच असेल तर तो बोल्टच तुटू द्या. तुमच्या जमिनीत मुरूम किती खोलीवर लागतो आणि तुम्ही काय जुगाड करता, व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या युक्त्या पुढच्या भागात ऐकवू. सळईवाल्या सोडून!

भेटू पुढच्या भागात. राम राम.