नदीचें मूळ कोठें असतें?

(नभोवाणीवरील भाषण)



तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांना भूगोल शिकविला. "अमुक नदी कोठें उगम पावते?" हा प्रश्न बहुतेक प्रत्येक परीक्षेंत घातला, आणि डोंगराचें नांव बरोबर लिहिणाऱ्यास पुरे गुण दिले. सेवानिवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यांत मी आपल्या मूळ गांवीं गेलों. ज्या ओढ्यांत आम्ही मुलें पोहावयास शिकलों, तो चैत्रांतच कोरडा ठणठणीत पडला होता. आणि काठावरच्या विहिरींत सोडलेला पोहरा तळच्या खडकावर आपटल्याचा आवाज ऐकूं आला. त्या दिवशीं मला उमगलें कीं, ज्या उत्तरास मीं पुरे गुण देत आलों, तें उत्तरच अपुरें होतें. नदी एका ठिकाणीं उगम पावत नाहीं. ती शेंकडों उतारांवर उगम पावते, आणि दरवर्षीं नव्यानें उगम पावते.

हें कसें, तें पाहूं. आपल्या कौलारू घराचें छप्पर डोळ्यांपुढें आणा. आढ्याच्या एका बाजूस पडलेलें सारें पाणी एका पन्हळींत येतें, दुसऱ्या बाजूचें दुसरींत जातें. डोंगरांच्या धारा हीं पृथ्वीवरचीं आढींच होत. दोन धारांच्या मधल्या ज्या प्रदेशाचें पाणी उतरून एका नदीस मिळतें, त्या प्रदेशाला त्या नदीचें पाणलोट क्षेत्र म्हणतात. त्यांत रानें येतात, शेतें येतात, गांवें येतात, आणि आपण शहरांत राहत असलों तर आपली गच्ची व अंगणही येतें.

ह्या क्षेत्रांत पडलेल्या पावसाला नदीकडे जाण्याच्या दोन वाटा असतात. एक वरची. उतारावरून धांवत सुटलेलें पाणी कांहीं घटकांत नदीस पोंचतें, आणि जातांना माती घेऊन जातें. दुसरी वाट खालची. गवताच्या व झाडांच्या मुळांशीं अडलेलें पाणी जमिनींत मुरतें, मुरमांतून व खडकांच्या भेगांतून हळूहळू सरकतें, आणि महिन्यांनंतर झऱ्याच्या रूपानें प्रकट होतें. आषाढांतला गढूळ पूर हा मुख्यत्वें वरच्या वाटेचा प्रवासी. फाल्गुनांतला नितळ प्रवाह हा खालच्या वाटेचा. डोंगर उघडाबोडका झाला, माती वाहून गेली, कीं खालची वाट बुजते. मग तीच नदी पावसाळ्यांत घरें बुडविते आणि उन्हाळ्यांत घसा कोरडा ठेवते. हीं दोन दुखणीं नव्हेत. एकाच दुखण्याचीं हीं दोन लक्षणें आहेत.

ह्या दुखण्यावर उपाय आहे काय? राजस्थानांतील अलवर जिल्ह्यांत अरवरी नांवाची एक लहान नदी आहे. तिच्या डोंगरांवरील रान तुटलें, पूर्वजांनीं बांधलेले मातीचे बांध दुर्लक्षानें फुटले, आणि नदी केवळ पावसाळ्यापुरती उरली. विहिरी आटल्या, कर्तीं माणसें पोटासाठीं शहरांकडे गेलीं. १९८५ सालीं तरुण भारत संघाचे श्री. राजेंद्रसिंह व त्यांचे सोबती ह्या भागांत आले, ते शाळा व औषधोपचार चालविण्याच्या हेतूनें. परंतु गोपालपुरा गांवच्या एका वृद्धानें त्यांस सांगितलें कीं, आम्हांस आधीं पाणी पाहिजे. कुदळ घ्या आणि खणा. मग जुन्या जोहडाची दुरुस्ती सुरू झाली.

जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला, अर्धचंद्राच्या आकाराचा मातीचा बांध. पावसाचें धांवतें पाणी त्याच्या पोटाशीं थबकतें आणि मुरूं लागतें. म्हणजे वरच्या वाटेच्या प्रवाशाला खालच्या वाटेस लावून देणें, एवढेंच त्याचें काम. एका जोहडानें एखाद्या विहिरीस पाणी येतें. नदी येत नाहीं. पण भांवता-कोल्याला ह्या उगमाकडील गांवांपासून खालपर्यंत लोकांनीं आपल्या श्रमाचा वांटा घालून असे शेंकडों बांध घातले, तेव्हां १९९५ च्या सुमारास अरवरी पुन्हां बारमाही वाहूं लागली. लक्षांत घ्यावें कीं, नदीच्या पात्रास फारसा कोणीं हातच लावला नव्हता.

गोष्ट येथें संपती तर ती बोधकथा झाली असती. परंतु पाणी आलें, तसे पाण्यावरचे हक्कही आले. नदींत मासळी झाली, तेव्हां १९९६ मध्यें मासेमारीचा सरकारी ठेका दिला गेला. गांवकऱ्यांनीं त्यास विरोध केला व तो रद्द करविला. पण मग प्रश्न उभा राहिला, कीं नदी कोणाची? वरच्या गांवानें सारेंच पाणी अडविलें तर खालच्यानें काय करावें? एकानें ऊंस लावला आणि दहाजणांच्या विहिरी उपसल्या गेल्या, तर त्यास कोणीं आवरावें? ह्या प्रश्नांच्या उत्तरासाठीं २६ जानेवारी १९९९ रोजीं हमीरपूर येथें सुमारे ७० गांवांची 'अरवरी संसद' स्थापन झाली. ऊंस व भात ह्यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें घेऊं नयेत, रान तोडूं नये, असे नियम तिनें स्वतःच केले. ह्या संसदेस कायद्याचें बळ नाहीं. जें आहे तें शेजाऱ्याच्या डोळ्यांतील लाजेचें आहे. तें कमी समजूं नये.

परंतु नियम करावयाचे तर आधीं हिशेब हवा. हा धडा आपल्या महाराष्ट्रांत अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें उत्तम गिरविला आहे. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथें डोंगरउतारांवर चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी झाली. तेथें पाऊस सरासरीनें ४०० मिलिमीटरच्या आसपास. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गांवचें क्षेत्र सुमारें एक हजार हेक्टर धरलें, तर वर्षाची जमा ४०० कोटी लिटर होते. ऐकावयास ही रक्कम मोठी वाटते. पण तिच्यांतून ऊन आपला वांटा उचलतें, माती आपला, आणि पिकें आपला. म्हणून तेथें पाऊस मोजतात, ठराविक विहिरींची पातळी पाहतात, आणि पावसाळा सरला कीं ग्रामसभेपुढें पाण्याचा जमाखर्च मांडतात. माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, उरेल त्यावर रब्बीचें पीक ठरतें. शेतीसाठीं विंधण विहीर तेथें वर्ज्य आहे. महिन्याच्या पगारांत घर चालविणाऱ्या आपल्या गृहिणींना ह्यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. तिजोरींत काय आहे तें पाहिल्यावांचून त्या कधीं खर्चास हात घालीत नाहींत.

आतां, शहरांत राहणाऱ्या आपण काय करावें? प्रथम मोजावें. सपाट बुडाचें, सरळ कडांचें एक कांचेचें भांडें झाडाभिंतींपासून दूर उघड्यावर ठेवा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांत किती मिलिमीटर पाणी चढलें, तें मुलांकडून वहींत लिहवा. भांड्याचें तोंड लहान कीं मोठें, ह्यानें आंकड्यांत फरक पडत नाहीं; असें कां, हा प्रश्न मात्र मुलांना जरूर घाला. जवळपास जुनी विहीर असेल तर दोरीला वजन बांधून, कांठापासून पाणी किती खोल आहे, तें महिन्यांतून एकदां पाहा. वैशाखाचा आंकडा व आश्विनाचा आंकडा शेजारीं शेजारीं लिहिला, म्हणजे ह्या वर्षीं जमिनींत किती पाणी मुरलें, ह्याचा अंदाज येऊं लागेल. असे दहा घरांचे दहा वर्षांचे आंकडे घेऊन नगरपालिकेच्या दारीं जाणारे नागरिक, आणि केवळ तक्रार घेऊन जाणारे नागरिक, ह्यांत पुष्कळ अंतर असतें.

आणि एकदां तरी मुलांना घेऊन आपल्या नदीच्या काठानें वर चालत जा. कोणता ओढा बुजवून त्यावर घरें उठलीं आहेत, कोणती टेंकडी उघडी पडली आहे, तें पाहा. मी माझ्या विद्यार्थ्यांना नकाशावरची निळी रेघ दाखविली. त्या टेंकडीवर मात्र कधीं नेलें नाहीं. ती चूक आतां मला सुधारतां येणार नाहीं. आपणांस ती टाळतां येईल, म्हणून हे चार शब्द.