ह्युमन आणि ह्युमेन

इंग्रजीत ‘ह्युमन’ म्हणजे मानवी आणि ‘ह्युमेन’ म्हणजे कनवाळू. राग, लोभ, चुका हे सगळं ‘ह्युमन’. वैऱ्याच्याही जखमेला पट्टी बांधणारा मात्र ‘ह्युमेन’. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही अर्थांना एकच शब्द चालायचा, स्पेलिंगही कसंही! अठराव्या शतकात वाटा वेगळ्या झाल्या. त्याच शतकात, १७७४ साली, लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. तिचं काम वाचून मी भारावून गेलो. मेला म्हणून सोडून दिलेल्याचं अंग चोळून ऊब द्यायची, भात्याने फुप्फुसांत हवा भरायची आणि अशा माणसाला उपचारासाठी घरात घेणाऱ्याला चक्क बक्षीस द्यायचं! अमेरिकेतल्या अनेक प्राणिदया संस्थाही आपल्या नावात ‘ह्युमेन’च लावतात.