सोन्याहून पिवळं... पितळ!

फिनलंडच्या पावो ट्युनेलनं अंधाराला पितळेचं कोंदण दिलं. त्याच्या वर्कशॉपमधलं वीतभर उंचीचं मेणबत्ती स्टँड मिळावं म्हणून आज कलेक्टर्स ऑक्शन्स पालथी घालतात. एवढं काय आहे त्यात?

आपल्याकडे मेणबत्ती म्हटलं की आठवतं लोडशेडिंग, नाहीतर बर्थडे केक. हेलसिंकीत तसं नाही. तिथे डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला गुडूप! म्हणजे ऑफिसातला दुसरा चहा यायच्या आत रात्र. अगदी उत्तरेकडच्या गावांत तर कित्येक आठवडे सूर्य दिसतच नाही. अशा देशात मेणबत्ती ही नुसती रोमँटिक डिनरची चीज राहत नाही. ६ डिसेंबरला, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या जातात. ना फटाके, ना डीजे. फक्त दोन ज्योती.

हे स्वातंत्र्य मिळालं १९१७ साली. लगेच पुढच्या वर्षी ट्युनेलनं काही मित्रांबरोबर ‘ताइतो’ ही कंपनी काढली. फिनिश भाषेत ताइतो म्हणजे कौशल्य. नाव अगदी फिट्ट, कारण हा गडी (१८९०-१९७३) डिझायनर व्हायच्या आधी पत्र्याचं काम शिकलेला कारागीर होता. धातू कुठे वाकतो आणि कुठे रुसतो, हे त्याला कागदावर नाही, हातात कळायचं.

पितळच का?

चांदी महाग, लोखंड गंजकं. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. ओतायला सोपं, ठोकायला सोपं, भोकं पाडायलाही सोपं. आणि मुख्य म्हणजे रंग! ज्योतीचा पिवळा उजेड पितळेवर पडला की आणखी उबदार होऊन परत येतो. सुरुवातीला ट्युनेलच्या कामात थोडी जुन्या वळणाची नक्षी दिसते. मग हळूहळू नक्षी गळाली आणि रेषा साध्या झाल्या. विख्यात आर्किटेक्ट अल्वार आल्टोनं पायमिओचं सॅनेटोरियम बांधलं, तेव्हा दिव्यांसाठी त्याला ट्युनेलच आठवला. पुढे न्यूयॉर्कमध्ये युनोच्या सरचिटणीसांच्या ऑफिसातही ट्युनेलचे दिवे लागले.

पण गोष्टीचा शेवट एवढा गोड नाही. १९५०च्या दशकात ताइतोचं काम इडमन या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. पितळ हातानं घडवणारं ते वर्कशॉप संपलं. ट्युनेलचे काही दिवे आता गुबी ही डॅनिश कंपनी नव्यानं बनवते. जुना माल मात्र जेवढा उरलाय तेवढाच. म्हणून तर वीतभर स्टँडसाठी एवढी झुंबड!

पितळ उघडं पाडा

कधी परदेशी गेलात आणि जुन्या बाजारात असं काही दिसलंच, तर आधी ते उलटं करा. खाली ‘ताइतो’चा शिक्का आहे का बघा. शिक्का नसेल आणि विक्रेता नुसतंच मोठं नाव सांगत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या. छोटं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं, तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड! मेणबत्ती बसवायची वाटी नंतर डाग देऊन जोडलीय का, तेही तपासा.

आणि घरी आणल्यावर? चिंच-मीठ किंवा पितांबरी घेऊन घासायला हात शिवशिवतील. नको! पितळेवर हवेनं चढलेली ती तपकिरी छटा म्हणजे त्या वस्तूचं वय. ती एकदा गेली की परत यायला वर्षं लागतात. बरेचसे कलेक्टर्स त्या छटेचेच पैसे मोजतात. ओघळलेलं मेण सुरीनं खरवडू नका. हेअर ड्रायरनं मऊ करा आणि सुती फडक्यानं टिपून घ्या. बस्स.

मात्र एक करू नका. ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावू नका. ज्योत पेटल्याशिवाय हे पितळ अर्धंच असतं. ट्यूबलाइट बंद करा, मोबाइल उलटा ठेवा आणि मेणबत्ती लावा. लांबच्या एका थंड देशात लोक लांबलचक रात्री कशा निभावतात, ते तेवढ्या उजेडातही कळतं.