खडीचा रस्ता आणि तीनशे किलोची मोटारसायकल

सायकलवरून वेगाने येताना वळणावर सांडलेल्या खडीने तुम्हाला कधी ना कधी दगा दिला असेलच. क्षणार्धात सायकल अंगाखालून निसटते आणि गुडघे सोलवटतात. आता सायकलीच्या जागी क्रूझर जातीची मोटारसायकल आहे अशी कल्पना करा. ही गाडी लांब आणि बसकी असते, तिच्यावर पाय पुढे सोडून बसतात. मोठ्या क्रूझरचे वजन तीनशे किलोच्याही वर जाते. ती मुळात लांबच लांब डांबरी रस्त्यांसाठी बनवलेली. पण अमेरिकेतील काही हौशी लोक ती अलास्कातील डाल्टन महामार्गावरही नेतात. तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ साली बांधलेला, सुमारे ६६६ किलोमीटर लांबीचा हा रस्ता आजही बराचसा खडीचा आहे.

अशा रस्त्यावर गाडीच्या वजनाचा फायदा होतो की तोटा? ‘जड गाडी रस्ता धरून चालते’ असे आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरे आहे, हे एका साध्या प्रयोगाने पाहू.

एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका टोकाशी रिकामा डबा ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. डबा घसरू लागताच फळीचा जमिनीशी झालेला कोन कोनमापकाने मोजा. आता डब्यात दगड भरून पुन्हा तेच करा. डबा जवळजवळ त्याच कोनाला घसरेल! वजन वाढले तसे घर्षण वाढले हे खरे; पण डब्याला खाली ओढणारे बलही तितक्याच पटीने वाढले. शेवटी फळीवर मोहरी पसरून प्रयोग करा. आता डबा कितीतरी लहान कोनाला घसरेल. मोहरीचे दाणे सायकलच्या चाकातील छर्‍यांसारखे गडगडतात. टायर आणि कडक जमीन यांच्यामध्ये सापडलेली सुटी खडी नेमके हेच करते.

वळणावर काय होते ते आता पाहू. गाडीला वळवण्यासाठी वळणाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. सपाट रस्त्यावर हे बल टायर आणि रस्ता यांमधील घर्षणातूनच मिळते. समजा, वळणाची त्रिज्या २० मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले, तर सेकंदवर्गास सुमारे ६.२ मीटर एवढे त्वरण येते. म्हणजे वजनाच्या ०.६३ पट घर्षण हवे. कोरडा डांबरी रस्ता वजनाच्या ०.७ ते ०.८ पट घर्षण सहज देतो. सुट्या खडीवर मात्र ते ढोबळमानाने ०.३५ पटच मिळते. गाडी घसरणारच! वेग निम्मा, म्हणजे ताशी २० किलोमीटर केला, तर लागणारे घर्षण एक चतुर्थांश होते. ०.१६ पट पुरते आणि गाडी सुखरूप वळते.

या हिशेबात गाडीचे वजन कुठेच आले नाही, हे लक्षात आले का? सायकल असो वा क्रूझर, उत्तर तेच. आणखी एक गंमत पाहा. वळताना गाडी आत कलते. ती न घसरता जास्तीत जास्त जेवढी कलू शकते, तो कोन आणि डबा घसरू लागतो तो फळीचा कोन, दोन्ही एकाच नियमाने ठरतात.

मग वजनाचे काहीच नाही का? आहे. गाडी एकदा कलंडू लागली, की तीनशे किलोंचा भार पायाने सावरणे कठीण. म्हणून कसलेले चालक पडण्याची वेळच येऊ देत नाहीत. वेग वळणाच्या आधीच कमी करतात, वळणात नव्हे. पुढचा ब्रेक करकचून दाबत नाहीत. कारण फिरते चाक दिशा देते, अडकलेले चाक नुसते घसरते. मालमोटारींच्या चाकोर्‍यांत खडी बाजूला सरून जमीन घट्ट झालेली असते, म्हणून ते चाकोरी सोडत नाहीत. हँडलही हलक्या हाताने धरतात. पुढचे चाक हँडलच्या आसाच्या रेषेच्या किंचित मागे जमिनीला टेकते. त्यामुळे सामान वाहण्याच्या हातगाडीच्या फिरत्या चाकाप्रमाणे ते डगमगले, तरी आपोआप सरळ होऊ पाहते. हँडल घट्ट आवळले, तर आपणच त्याला अडवतो.

अलास्का दूर आहे; पण आपल्याकडे रस्तादुरुस्तीची खडी, नदीकाठची वाळू आणि घाटात वाहून आलेली माती जागोजागी भेटते. तिथे गाडीच्या वजनावर विसंबू नका, वेगावर ताबा ठेवा. आता एक गणित तुमच्यासाठी : त्याच २० मीटर त्रिज्येच्या वळणावर सुट्या खडीतून ताशी ३० किलोमीटर वेगाने जाता येईल का? आधी उत्तर काढा, आणि मगच सायकलवर बसा.