भूकंप आणि पाप

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा! विधान आपल्या बाजूचे म्हणून गोड मानून घ्यायचे काय? रवींद्रनाथांनी तेव्हाच हरकत घेतली: हाच युक्तिवाद विरोधकही वापरतील. मंदिरप्रवेशामुळे धरणी कोपली, असे सनातनी म्हणाले तर खोडणार कशाने? आणि भूकंपाने जात विचारून घरे पाडली नव्हती. अस्पृश्यवस्तीचे पाप कोणते? गांधीजींनी हरकत ‘हरिजन’मध्ये छापली, संबंध सिद्ध करता येत नाही हेही प्रांजळपणे कबूल केले, श्रद्धा मात्र सोडली नाही. उलट, भारताचा भूपट्ट आशियाखाली रेटला जातो, ताण साठतो, खडक सरकतात, हे मोजता येते, चुकले तर खोडता येते. हिमालयाचा तोच पट्टा १९८८ आणि २०१५ सालीही हादरला.