संगणकाच्या मूळ व्यवस्थेची नक्कल

संगणकात आपण साठवलेला मजकूर ही एक वस्तू, आणि तो मजकूर ज्या आधारावर उघडतो ती यंत्राची मूळ व्यवस्था ही दुसरी. पहिलीची काळजी आता बहुतेकजण घेतात. पत्रे, हिशेब, मुलांचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवतात आणि निश्चिंत होतात. दुसरीची आठवण मात्र यंत्र सुरू व्हायचे थांबले म्हणजे होते. आणि तेव्हा ती होऊन फारसा उपयोग नसतो.

आमच्या गावातल्या एका लहान छापखान्याचे उदाहरण घ्या. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, जाहिराती असे काम तेथे वर्षानुवर्षे एकाच संगणकावर चाले. एके दिवशी त्याची डिस्क गेली. मालक सावध माणूस. मजकूर रोज वेगळ्या डिस्कवर उतरवीत असत. नवी डिस्क आली, तिच्यावर विंडोज बसले, फायली उघडल्या, आणि पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटात जुळविलेला होता. ते फाँट, टंकनाची सोय, पाने लावण्याचा जुना प्रोग्राम, प्रिंटरची जुळणी, हे सारे जुन्या डिस्कबरोबर गेले आणि बसविण्याच्या सीड्या केव्हाच हरवल्या होत्या. वार्षिक सभेसाठी द्यावयाचा एक अहवाल मुळापासून पुन्हा टाईप करावा लागला. घरात मोडीचे दफ्तर आहे आणि वाचणारा कोणी उरला नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग सबंध सी ड्राइव्हच उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकला तर? असं कोणी विचारील. तसे करून भागत नाही. वाड्याची भावाभावांत वाटणी झाली म्हणजे बाहेरून वाडा एकच दिसतो, आत मात्र भिंती उभ्या राहतात. डिस्कवरही अशाच वाटण्या असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. आपल्याला दिसतो तो सी ड्राइव्ह ही त्यांतली मोठी खोली. तिच्याशेजारी साधारण १०० एमबीची एक लहान खोली लपलेली असते. यंत्र सुरू होताना प्रथम तेथे जाते आणि विंडोज कोठे आहे ते विचारून घेते. ती खोली आपल्या नकलेत येतच नाही. शिवाय विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फायली तिने स्वतःच धरून ठेवलेल्या असतात. त्या नकलू देत नाही. आणि फायलींवरचे अधिकार, त्यांची एकमेकींशी असलेली गुंतवण, साध्या नकलेत विसकटते. सामान उचलून नेले, पण जोते आणि उंबरठा जागीच राहिला, असे ते होते.

म्हणून येथे फायलींची नक्कल न करता पार्टिशनचीच नक्कल करावी लागते. तिला सिस्टिम इमेज म्हणतात. जुने पोथी लिहिणारे लेखक अर्थाच्या फंदात न पडता समोरचे जसेच्या तसे उतरवीत. मूळ पानावर माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी. मक्षिकास्थाने मक्षिका! पोथीच्या बाबतीत ही थट्टा आहे, इमेजच्या बाबतीत हाच गुण. डिस्कवरचे भरलेले ठोकळे, त्यांत काय आहे याची चौकशी न करता, ती उतरवून घेते. अर्थात माशीही येते. यंत्रात विषाणू शिरलेला असेल तर तोही इमानाने नकलेत उतरतो. म्हणून इमेज घ्यावी ती यंत्र धडधाकट असताना. विंडोज आणि सगळे प्रोग्राम बसवून झाले की लगेच पहिली, आणि पुढे एखादा मोठा बदल करण्यापूर्वी. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे ११ वर जाण्याच्या विचारात जे आहेत त्यांनी जाण्याआधी ही नक्कल जरूर करावी.

साधन विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ या नावाखाली ते सापडते. नाव जुने, पण विंडोज ११ मध्येही ते आहे. ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ म्हटले की लपलेल्या आवश्यक वाटण्या ते आपण होऊन निवडते. मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच या साधनाची पुढची वाढ थांबवून इतरांची साधने वापरण्याचा सल्ला दिला. तेव्हा ज्याला थोडी खटपट जमते त्याने तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला वापरावे. ते फुकट मिळते, स्वतःच्या पेनड्राइव्हवरून चालते, आणि त्या वेळी विंडोज झोपलेले असल्यामुळे अडवाअडवी होत नाही. दिसायला मात्र ते रूक्ष आहे.

बाहेरची डिस्क एनटीएफएस पद्धतीने आखलेली हवी; जुन्या फॅट ३२ आखणीत एकेक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. वेळेचा अंदाज सोपा आहे. १०० जीबी मजकूर सेकंदाला १०० एमबी या वेगाने गेला तर सतरा मिनिटे लागतात. जुन्या यूएसबी २ च्या खाचेत वायर खोचली तर वेग सेकंदाला तीसेक एमबीवर येतो आणि तासभर जातो. मध्येच वायर हलवू नये, एवढे पथ्य.

आता खरी गोम. यंत्र सुरू होत नसेल, तर ही इमेज उघडणार कोण? त्यासाठी ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ नावाचा वेगळा पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवावा लागतो. १६ जीबीचा, विंडोज ११ साठी ३२ चा घ्यावा, आणि रिकामा घ्यावा, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. पुष्कळ लोक इमेज घेतात आणि हा भाग सोडतात. विरजण बाजूला न काढता सगळे दही वाढून टाकणाऱ्यासारखे ते आहे. पेनड्राइव्ह झाला की एकदा त्यावरूनच यंत्र सुरू करून पाहावे, ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’पर्यंत जावे, आपली इमेज तारखेसह यादीत दिसते की नाही ते बघावे, आणि तेथून परत फिरावे. पुढचे बटण दाबले तर डिस्क पुसली जाऊन जुनी स्थिती येते; मधल्या काळातले सी ड्राइव्हवरचे काम जाते. म्हणूनच रोजच्या मजकुराची वेगळी नक्कल चालू ठेवलीच पाहिजे. इमेज तिची जागा घेत नाही.

आणखी दोन अडचणी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. विंडोजच्या या साधनाला नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते. लहान चालत नाही. आणि एका यंत्राची इमेज दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालेलच असे नाही.

काम झाले की डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा प्रकार जगभर पसरला, तेव्हा यंत्राला जोडून ठेवलेल्या डिस्कांवरच्या फायलींनाही त्याने कुलूप घातले. आणि ती कपाटात कुलपातच ठेवावी. बिटलॉकरने बंद केलेल्या ड्राइव्हचीही विंडोजने घेतलेली इमेज बाहेरच्या डिस्कवर उघडीच उतरते. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून वेगळ्या जागी असावी. डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तीवर यंत्राचे नाव, इमेजची तारीख आणि पेनड्राइव्ह कोणत्या खणात आहे ते लिहावे. यंत्र बंद पडेल त्या दिवशी आपण गावाला गेलेलो असू, आणि शोधाशोध घरातल्या दुसऱ्याच कोणाला करावी लागेल.